काल पाणी होतं

जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच घरांत, लोखंडी कपाटाच्या तळाशी, साड्यांखाली अंथरलेला एक गुलाबी कागद अजून सापडेल. वर ठळक अक्षरांत 'कर्नाटकला जाण्याची दहा कारणे' असं छापलंय, उजव्या कोपऱ्यात धबधब्याचा फोटो आहे. तो मजकूर माझा. अठरा उन्हाळे तोच छापला, दरवर्षी फक्त वरची तारीख बदलली. त्यातल्या सातव्या कारणाबद्दल मला काही सांगायचं आहे. आजवर सांगितलं नाही. एक तर मी फारसा बोलत नाही. सहलीचा मॅनेजर आणि बोलत नाही, याचं लोकांना हसू यायचं. पण मॅनेजरला बोलायचं नसतं, उत्तरं द्यायची असतात. ती मी दिली. त्यातलं एक उत्तर चुकीचं होतं, आणि तेच सगळ्यात जास्त वेळा दिलं.

आमचं सहलीचं ऑफिस जळगावला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. मालकांना सगळे शेठ म्हणत. मी नोकरीला लागलो त्या मे महिन्यात त्यांनी मला टेबलावर बसवून सांगितलं, की कर्नाटकची नवी सहल काढायची आहे, पत्रक लिही. मी म्हणालो, मी कर्नाटक पाहिलेलं नाही. शेठ म्हणाले, "गिऱ्हाइकानं तरी कुठं पाहिलंय? आणि कारण खरं तर एकच आहे, इथलं ऊन. बाकीची नऊ तू शोध."

बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. मी उसाच्या रसाच्या दोन ग्लासांमधल्या वेळात नऊ कारणं शोधली. शाळेचं जुनं भूगोलाचं पुस्तक, एका औषध दुकानाचं कॅलेंडर आणि समोरच्या पानवाल्याचा बंगळुरूला नोकरी करणारा मेहुणा, एवढ्या सामग्रीवर. एक थंड हवा. दोन बंगळुरूच्या बागा. तीन म्हैसूरचा राजवाडा. असं करत पाचवं लिहिलं, 'डोंगरउतारावर पसरलेले हिरवेगार चहाचे मळे.' पत्रक वाटून झाल्यावर धुळ्याहून भूगोलाच्या एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. कूर्गमध्ये चहा कधीपासून लावायला लागले, असं त्यांनी फार सभ्यपणे विचारलं. मग ऑफिसात बसून उरलेल्या प्रत्येक कागदावर 'चहा' खोडून हाताने 'कॉफी' लिहिलं. मास्तरांनी त्याच सहलीची दोन तिकिटं काढली आणि कूर्गमध्ये बस थांबल्याबरोबर खाली उतरून ते पीक तपासून आले. नववं कारण 'तेथील माणसे स्वभावाने गोड' आणि दहावं 'अशी संधी पुन्हा नाही'. ही पुन्हा न येणारी संधी अठरा वेळा आली.

बाहेरच्या माणसाला हा धंदा काय ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडचा माणूस घर सोडायला तयार असतो, जेवण सोडायला नाही. बुकिंगला आलेला माणूस राजवाड्याचं विचारत नाही. तो विचारतो, जेवण आपलंच ना? त्यामुळे बसच्या पोटात सामानाआधी आमचा आचारी, त्याच्या शेगड्या, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, शेव, मिरच्या आणि भरताची वांगी चढत. हिरवी, मोठी, आपल्याकडचीच. म्हैसूरच्या धर्मशाळेच्या अंगणात आमचा आचारी वांगी भाजायला लागला की आजूबाजूचे लोक धूर पाहून धावत यायचे. दुसरी गोष्ट खिडकीची जागा. त्यावरून सख्खे व्याही दोन हजार किलोमीटर एकमेकांशी न बोलता आलेले मी पाहिलेत. तिसरी गोष्ट म्हणजे दर दोन तासांनी बस कुठं थांबवायची. ती ज्याला कळली तो मॅनेजर. बाकी प्रेक्षणीय स्थळं असतातच.

आणि ती कोण कशी पाहील याचा नेम नसतो. एका वर्षी राजवाड्यात सराफ बाजारातल्या एक बाई होत्या. सोन्याने मढवलेल्या दारासमोर सगळे आ वासून उभे, आणि या डोळे बारीक करून म्हणाल्या की वरवरचं आहे, आत काही नाही. हे त्यांनी प्रत्येक दालनात सांगितलं. शेवटी मागून येणारे गुजराती लोक गाईडला सोडून यांच्या मागे फिरायला लागले. डाळ मिलवाले एक मारवाडी शेठजी तर बंगळुरूत बाग पाहायला म्हणून उतरले ते तीन तास सापडेनात. पोलिसांत जायच्या बेतात होतो तेवढ्यात रिक्षातून आले, हातरुमालात चार जातींची तूरडाळ बांधलेली. बागेचं काय, तर म्हणे झाडं आपल्याकडेही आहेत, हा बाजार कुठं आहे? पुढे दर वर्षी मी पत्रकात 'घाऊक बाजार' हे अकरावं कारण घालायचा विचार करायचो.

आता सातवं. 'जोगचा जगप्रसिद्ध धबधबा. कोसळणाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर झेला.' वाक्य मला स्वतःला आवडलं होतं. पहिल्याच सहलीत चाळीस माणसं घेऊन मी तिथल्या कठड्याशी पोचलो. समोर प्रचंड मोठी काळी दरड. वरून एक ओल आल्यासारखी रेघ, घरात टाकी पाझरते तशी. वर धरण आहे, आणि मे महिन्यात तिथं पाणी नसतं. हे मला त्या क्षणी कळलं. चाळीस माणसं दरडीकडे आणि मग माझ्याकडे पाहायला लागली. कोणीतरी विचारलं, धबधबा कुठंय?

मी म्हणालो, "काल पाणी होतं."

कुठून आलं हे वाक्य, देव जाणे. पण त्याचा परिणाम पाहून मीच थक्क झालो. कोणी भांडलं नाही, कोणी पैसे परत मागितले नाहीत. चाळीस जणांनी फक्त च्च केलं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. कुठं चार दिवसांनी, कुठं आठ. लग्नाची तारीख आणि पाण्याची पाळी एका दिवशी येऊ नये म्हणून माणसं दोन्ही बाजूंनी चौकशी करतात. तेव्हा काल पाणी होतं, आज गेलं, यावर खान्देशी माणूस संशय घेत नाही. तो हळहळतो आणि भांडी उचलतो. तिथल्या तिथं दोन बाया एकमेकींना सांगायला लागल्या की आपलं नशीबच तसं, गावालाही आपण नसलो त्याच दिवशी सुटतं.

यावर कोणी म्हणेल, मग पावसाळ्यात न्यायची सहल. शेठना मी एकदा विचारलं होतं. त्यांनी बोटांवर दाखवलं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, लेकी माहेरी, तोवर घरातली बाई हलणार नाही. आखाजी झाली की शाळा उघडेपर्यंत मोकळीक, तीच आमची वेळ. मग पेरणी, मग निंदणी, मग श्रावणात कानबाईचा उत्सव. कानबाईला तर जिथं असेल तिथून माणूस घरी येतो, तू त्याला घरातून बाहेर काढायला निघालास? म्हणजे धबधब्याला पाणी असतं तेव्हा गिऱ्हाइकाला वेळ नाही, आणि गिऱ्हाइकाला वेळ असतो तेव्हा पाणी नाही. मी मान हलवली. पुढे दर मे महिन्यात त्याच कठड्याशी तेच वाक्य. सवयीने मी ते जरा हळहळत म्हणायलाही शिकलो.

असं चालू असताना एका वर्षी अमळनेरचं एक जोडपं आलं, नाना आणि अक्का. नाना तेलाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्याशी ऑफिसातल्यासारखं मोजून मापून बोलायचे. अक्का घरच्या बोलीतच बोलायच्या, समोर कोणी असो. बुकिंगलाच त्यांनी पिशवीतून आमचा गुलाबी कागद काढला, घडीवर फाटायला आलेला. सात नंबरवर बोट ठेवून म्हणाल्या, बाकीचं नानांना दाखव, मला एवढंच. मी म्हणालो, राजवाडा चांगला आहे. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"सारं आयुष्य पानी भरामा गयं, भाऊ. भरनं पडत नही असं पानी एकदाव देखनं शे."

मी पावती फाडली. तेव्हा सांगायला हवं होतं. पेन हातात होतं, तोंड होतं, समोर बाई होती. मी विचारलं, खिडकी कोणत्या बाजूची हवी.

सहल नेहमीसारखी झाली. अक्कांनी राजवाडा बाहेरून पाहिला, बाग बसमधून. सगळं त्या पुढच्यासाठी राखून ठेवत होत्या. जोगला पोचलो, काळी दरड आली, मी गळा साफ केला आणि माझं वाक्य म्हणालो. सगळ्यांनी च्च केलं. अक्कांनी नाही केलं. त्यांनी विचारलं, मग पुढची पाळी कधी?

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिथून निघणार होतो, म्हणून मी बेधडक सांगितलं, "परवा."

"परोन ई ना पानी? मंग मी आठेच बससू."

आणि कठड्यालगतच्या दगडी बाकावर त्या बसल्या. नुसत्या नाहीत, पिशवी शेजारी ठेवून, पाय वर घेऊन, पाळीच्या दिवशी ओट्यावर बसतात तशा. मला वाटलं, नाना समजूत काढतील. नाना म्हणाले, "परवा येणार असेल तर थांबायला हरकत काय? एक दिवसाचा प्रश्न आहे." एवढं ऐकून दुसऱ्या दोघी येऊन बसल्या. मग सगळ्याच. परवा पाणी सुटणार हे ठाऊक असताना गाव सोडून जाणारी बाई आपल्याकडे जन्माला यायची आहे. पुरुषांनी तिथंच उभ्या उभ्या सहलीचा नवा आराखडा केला: समुद्रकिनारा गाळायचा, एक दिवस इथं थांबायचं. आचाऱ्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, पीठ आहे, वांगी उद्यापर्यंतच. त्यावर एकमताने ठरलं की परवा पिठलं चालेल.

मी लांब जाऊन धरणावर फोन लावला. म्हणजे कानाला लावला. हो साहेब, अच्छा साहेब, परवा नाही का, असं पाच मिनिटं बोललो. वळून पाहतो तर मागे नाना.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "इथं रेंज नाही."

आम्ही दोघं काही वेळ दरडीकडे पाहत उभे राहिलो. कारखान्यात त्यांनी अनेक साहेब पाहिले असावेत.

तेवढ्यात अक्का उठून कैरीच्या फोडी विकणाऱ्याकडे गेल्या. हा माणूस मला दर वर्षी भेटायचा. अक्कांनी त्याला मोडक्या हिंदीत पाण्याची पाळी विचारली असणार. तो हसायला लागला. वारा आमच्याकडे वाहत होता, त्यामुळे शब्द नीट ऐकू आले. "मई में पानी कहाँ, माँजी? बारिश में आओ. वो साहब को सब मालूम है, हर साल आते हैं."

अक्का वळल्या. मी आयुष्यात परीक्षेत नापास झालोय, लग्नात मुलीकडच्यांनी नाकारलंय, पण एवढंसं अंतर चालत यायला कुणाला इतका वेळ लागतोय असं मला कधी वाटलं नव्हतं. चाळीस जणांसमोर आता काय होणार ते मला माहीत होतं. खरं सांगतो, थोडं बरंही वाटत होतं, की संपेल एकदाचं.

अक्का बाकाशी आल्या, पिशवी उचलली आणि बायांना म्हणाल्या, "उठा वं बाया. मॅनेजरना धरणवर फोन झाया. परोन बी पानी नही."

बाया उठल्या. पुरुषांनी समुद्रकिनारा परत यादीत घातला.

पहाटे बसमध्ये अक्का पुढे, माझ्या शेजारच्या जागी येऊन बसल्या. घाट उतरल्यावर समोर रस्त्याकडे पाहत विचारलं, "तू तरी कव्हय देखेल शे का?"

"नाही, अक्का."

त्यांनी पदराखालून कागदाचा पुडा काढून मला कैरीची एक फोड दिली. मीठ-मिरची लावलेली. मी ती जळगाव येईपर्यंत चघळत होतो म्हटलं तरी चालेल.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पुढच्या वर्षी आखाजीआधीच अमळनेरहून आठ तिकिटं आली, सगळी एका गल्लीतली. रक्कम द्यायला नाना आले होते. मी विचारलं, एकदम आठ कशी? नाना चष्मा पुसत म्हणाले, की अक्कांनी घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, धबधबा पाहिला. सुना विचारत होत्या, शेजारच्या विचारत होत्या, एवढं सांगून गेलेली बाई काय उत्तर देणार? "पाण्याचे तुषार अंगावर झेलले म्हणते," नाना म्हणाले. "तुमच्या कागदातलंच वाक्य आहे."

मी खोटं बोलत होतो ते मला सोसत होतं. धंदा म्हणून घातलेला अंगरखा होता तो, घरी जाऊन काढून ठेवायचो. पण आपलं खोटं एका सरळ बाईच्या तोंडी जाऊन बसलंय, आणि तिला ते लेकी-सुनांसमोर मरेपर्यंत सांभाळायचंय, हे मला सोसेना. मी पत्रकात दुरुस्ती केली: 'जोगचा जगप्रसिद्ध धबधबा (पाणी पावसाळ्यात).' शेठनी प्रूफ वाचून कंस खोडला. म्हणाले, कंसातलं कोणी वाचत नाही, मग छापायचं कशाला? मी वाद घातला नाही. त्या मे महिन्यात अक्कांच्या गल्लीतल्या आठ बाया त्याच कठड्याशी उभ्या राहिल्या आणि मी त्यांनाही म्हणालो, काल पाणी होतं. त्यातली एक म्हणाली, आमच्या अक्कांना बरं सापडलं होतं.

पुढे मोबाइलवर इंटरनेट आलं आणि आमचा धंदाच आटला. आता कोणत्या तारखेला कुठल्या धबधब्याला किती पाणी आहे ते लोकांना भाजी निवडता निवडता दिसतं. गेल्या दिवाळीनंतर शेठनी ऑफिस बंद केलं. आवराआवरीत गुलाबी कागदांचा एक गठ्ठा सापडला. मी त्यातला एक घेतला आणि यंदा श्रावण लागल्यावर अमळनेरला गेलो.

अक्का दारातच गहू पाखडत होत्या. मी कागद पुढे केला आणि म्हणालो, चला, आत्ता पाणी आहे. त्या म्हणाल्या, रविवारी कानबाई. मी म्हणालो, सोमवारी विसर्जन झालं की मंगळवारी निघू. त्या म्हणाल्या, रोट उरतो. कानबाईचा रोट म्हणजे घरातल्या माणसांच्या नावाने घेतलेल्या गव्हाचा नैवेद्य. तो भाऊबंदांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही, वाया घालवायचा नाही. मी म्हणालो, बरोबर घ्या. सुनेने आतून विचारलं, पाहिलेला धबधबा परत कशाला पाहायचा? अक्का गव्हाकडे पाहत म्हणाल्या, नानांचा चष्मा तेव्हा नीट नव्हता.

रेल्वे, मग एसटी, मग तिथली बस. आचारी नाही, भरीत नाही. तिघंच. जोगच्या फाट्यावर उतरलो तेव्हाच आवाज कानावर आला. पिठाच्या शंभर गिरण्या एका वेळी चालू असाव्यात तसा. मी अक्कांच्या पुढे जवळजवळ पळत कठड्याशी गेलो.

समोर पांढरं धुकं. दरड नाही, दरी नाही, पाणी नाही. धुतलेलं धोतर डोळ्यांसमोर धरावं तसं. पावसाळ्यात तिथं असं असतं, हे मला त्या क्षणी कळलं.

नाना आणि अक्का येऊन उभे राहिले. आवाज पायाखालच्या फरशीतून वर येत होता. अक्कांनी बराच वेळ धुक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या, चेहरा अगदी सरळ.

"काल दिखत व्हतं का रे, भाऊ?"

नानांना खोकला आला.

"माहीत नाही, अक्का," मी म्हणालो. "मी काल इथं नव्हतो."

त्या कठड्याशी मी धबधब्याबद्दल बोललेलं हे पहिलं खरं वाक्य असेल. बाक तोच होता. त्या बसल्या, पाय वर घेतले, फडकं सोडलं. रोटाच्या पोळ्या होत्या, तूप लावलेल्या, वास येत होता. एक नानांना दिली, एक स्वतः घेतली. माझ्याकडे पाहून म्हणाल्या की तुला नाही देता येत, आणि डब्यातून शेंगदाण्याचा लाडू काढून दिला.

लाडू खाऊन मी चहा आणायला गेलो. टपरीवाला म्हणजे तोच कैरीवाला, आता चहाबरोबर कणसं भाजत होता. मला ओळखून म्हणाला, "साहब, इस बार बारिश में?" धुकं कधी हटेल म्हणून विचारलं तर हसला, म्हणाला, हटतं कधी कधी, दोन मिनिटं. तीन ग्लास सांभाळत, खाली पाहत, मी परत आलो.

समोर पांढरं तसंच होतं. पण अक्का उभ्या होत्या, दोन्ही हात कठड्यावर, पदर ओला, चेहरा ओला.

"आत्ते व्हतं," त्या म्हणाल्या. "बठ्ठा पडदा सरकना. चारी धारा. तू चहा लेवाले गया ना, तव्हाच."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग नानांकडे. नाना रोट खात होते, त्यांनी मान वर केली नाही.

पाऊस बारीक लागलेला होता, पदर त्यानेही ओला होतो. मी काही विचारायच्या लायकीचा नव्हतो. तरी विचारलं, मग परत कधी दिसेल?

"परोन," अक्का म्हणाल्या, आणि माझ्या हातातला चहाचा ग्लास घेतला.